बाबांची ड्रायव्हिंग असेसमेंट, सिडनी: आमचा अनुभव, खर्च आणि निकाल

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. वयस्कर माणूस अजून सुरक्षितपणे गाडी चालवू शकतो का हे तपासणाऱ्या या क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण दोनतीन तक्रारीही लिहायच्या आहेत आणि तिथली माणसं आमच्याशी इतकी चांगली वागली की त्यांना नावानिशी टोचायची इच्छा नाही. पण लिहायचं नक्की होतं कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत कुणाचा एक शब्द सापडला नाही आणि मंडळात तर हा विषय कुणी काढतच नाही, सगळ्यांच्या घरात आहे तरीसुद्धा.

माझे बाबा ८१ वर्षांचे. १९८८ मध्ये पुण्याहून इथे आले, त्याआधी तिकडे चेतक आणि ऑफिसची जीप, इथे आल्यावर दोन महिन्यात लायसन्स काढलं आणि तेव्हापासून गाडी चालवतायत, एक पार्किंगचा दंड सोडला तर रेकॉर्ड कोरं. आई कधी शिकलीच नाही. म्हणजे पेंडल हिलच्या दुकानातून पोहे आणि कढीपत्ता आणणं, लायब्ररी, डॉक्टर, आणि महिन्यातून एकदा हेलेन्सबर्गच्या वेंकटेश्वराच्या देवळात जाणं, सगळं बाबांच्या गाडीवर. शिवाय मंडळाच्या कार्यक्रमाला दोन शेजारच्या मावशी पण त्यांच्याच गाडीत. गाडी गेली की फक्त बाबा घरी बसत नाहीत, अख्खं घर बसतं, हे ज्याच्याकडे आहे त्यालाच कळेल.

मी हॉर्न्सबीला राहते, दर शनिवारी जाते. गेल्या वर्षी गाडीच्या डाव्या बाजूला ओरखडे दिसायला लागले, आधी मागच्या दाराला, मग पुढच्या. बाबा म्हणाले पार्किंगमध्ये कुणीतरी घासलं असेल, मी पण मानलं. मग एकदा आई स्वयंपाकघरात थालीपीठ थापता थापता हळूच म्हणाली, "परवा राउंडअबाउटला मागचे लोक फार हॉर्न वाजवत होते गं." आणि गप्प बसली. इथे सिडनीत कुणी उगाच हॉर्न वाजवत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

मग मी जी चूक केली ती सांगते कारण बरेच जण तीच करतात. जेवताना, सगळ्यांसमोर, म्हटलं, "बाबा, आता गाडी बंद करा." झालं. दोन आठवडे फोनवर फक्त "बरं आहे" आणि "आईला देतो". त्यांच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच होतं त्यांचं. मी काय बघितलं होतं? ओरखडे आणि वय. कितीतरी महिने मी त्यांच्या शेजारी बसून नीट बघितलंही नव्हतं आणि निकाल दिला. ८१ हा आकडा काही आजार नाही, ७० व्या वर्षी चालवू नये अशी माणसं असतात आणि ८८ व्या वर्षी व्यवस्थित चालवणारे असतात, हे मला नंतर क्लिनिकमधल्या थेरपिस्टनं सांगितलं पण खरं तर मलाच कळायला हवं होतं.

इथला नियम थोडक्यात. न्यू साउथ वेल्समध्ये ७५ पासून साध्या गाडीच्या लायसन्ससाठी दरवर्षी डॉक्टरकडून मेडिकल करून घ्यावं लागतं. ८५ ला पोचलात की त्याशिवाय दर दोन वर्षांनी रस्त्यावरची टेस्ट, किंवा ती द्यायची नसेल तर मॉडिफाइड लायसन्स, म्हणजे घराच्या आसपासच चालवायची परवानगी. बाबा ८१ चे म्हणजे फक्त डॉक्टरचा फॉर्म. गेली पाच वर्षं तो दहा मिनिटांत होत होता, या वर्षी मी बरोबर गेले आणि बाबांच्या समोरच, त्यांना आधी गाडीत विचारून, डॉक्टरांना ओरखड्यांचं आणि राउंडअबाउटचं सांगितलं. डॉक्टर बाबांना फार वर्षं ओळखतात. ते म्हणाले की मी इथे बसून बीपी सांगू शकतो, शुगर सांगू शकतो, गाडी कशी चालवता ते या खुर्चीत बसून मला कसं कळणार, एकदा ड्रायव्हिंगवाल्या ओटीला दाखवू. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, त्यातल्या काही जणी ड्रायव्हिंग असेसमेंटचं वेगळं ट्रेनिंग घेतलेल्या असतात. बाबांनी मुलीचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरचं ऐकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं.

आता क्लिनिक. फोन केल्यापासून पाच आठवड्यांनी तारीख मिळाली. पहिली तक्रार इथेच. फोनवर जो आकडा सांगितला तो फक्त क्लिनिकमधल्या भागाचा होता, रस्त्यावरचा भाग आणि त्यासाठी येणाऱ्या ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरची फी वेगळी, हे कन्फर्मेशनच्या ईमेलमध्ये कळलं. सगळं मिळून ११५० डॉलर झाले. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाला पहिल्या फोनलाच पूर्ण रक्कम सांगायला हवी, यात दुमत नाही. सगळे पैसे खिशातले, आम्हाला कुठून काही परत मिळालं नाही. मी आणि भावानी मिळून दिले, पण ज्यांना द्यायला कुणी नाही त्यांनी काय करायचं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

पहिला भाग क्लिनिकमध्ये, साधारण दीड तास. मला बाहेर बसायला सांगतील असं वाटलं होतं पण सुरुवातीला आत घेतलं. ओटी तिशीतली मुलगी, पण बाबांशी बोलताना घाई नाही, आवाज चढवून बोलणं नाही, "डार्लिंग" वगैरे नाही, "मिस्टर" लावून आडनाव, आणि तेही आधी विचारून नीट उच्चारलं. पहिला प्रश्न तिनं आजाराचा विचारलाच नाही. तिनं विचारलं तुम्ही कुठे कुठे जाता. बाबांनी पेंडल हिल, लायब्ररी, देऊळ सगळं सांगितलं, तिनं नकाशावर खुणा केल्या. त्या नकाशाचं पुढे काम पडलं.

मग औषधांची यादी. बाबांना वीस वर्षं डायबेटिस आहे, गोळ्यांवर, इन्शुलिन नाही, बीपीची एक गोळी, आणि सर्दीसाठी रात्री घ्यायची एक जुनी गोळी जी ते भारतातून आणतात. ती आम्ही औषधात धरतच नव्हतो! तिनं नेमकी तीच धरली, जुन्या प्रकारच्या ॲलर्जीच्या गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहू शकते आणि माणसाला स्वतःला झोप आल्यासारखं वाटतही नाही, डॉक्टरना विचारून बदलून घ्या म्हणाली. डॉक्टरांनी बदलली. या एका गोष्टीसाठी सुद्धा मी तिथे परत गेले असते.

डोळे. इथे खाजगी गाडीला चष्म्यासकट ६/१२ दिसायला हवं (म्हणजे चांगल्या नजरेला १२ मीटरवरून दिसतं ते निदान ६ मीटरवरून) आणि आडवी नजर ११० अंश. दोन्ही बाबांना जमलं. पण नंतर तिनं दुसरा तक्ता लावला ज्यात अक्षरं लहान होत नाहीत, फिकी होत जातात, काळ्यावरून करडी, मग जवळजवळ पांढरी. तिथे बाबा लवकर थांबले. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचा अजून पिकतोय. ती म्हणाली भर उन्हात काळी नंबरप्लेट वाचता येणं वेगळं आणि संध्याकाळी पावसात राखाडी कोट घातलेला माणूस रस्ता ओलांडताना दिसणं वेगळं. बाबा शांतपणे म्हणाले, "हे मला माहिती होतं, पण कुणी विचारलं नव्हतं." ते गेलं वर्षभर पावसात रात्री गाडी काढायचं टाळत होते. आम्हाला वाटायचं कंटाळा येतो.

मान. डावीकडे निम्मीच वळते. स्पॉन्डिलोसिसचं दुखणं जुनं, पण ते आणि डाव्या बाजूचे ओरखडे यांची जोडणी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. बाबा खांद्यावरून मागे बघतच नव्हते, फक्त आरशावर चालवत होते, आणि आरशात न दिसणारा पट्टा नेमका तोच.

पाय. एका पायानं दोन खुणांवर आळीपाळीनं भरभर पाय टेकवायचा, थोडं अंतर भरभर चालून परत यायचं, मग डोळे मिटून बसायचं आणि ती पायाचा अंगठा वर किंवा खाली करते, कुठे आहे ते सांगायचं. डायबेटिसवाल्यांच्या तळपायाची जाणीव जाते म्हणून हे. ब्रेकवर किती जोर दिला ते पायाला कळायला हवं ना. बाबांचं हे उत्तम निघालं, त्यांचा चेहरा तिथे पहिल्यांदा जरा खुलला.

मग डोक्याचं काम. यावेळी मला बाहेर पाठवलं, बाबांनी नंतर सांगितलं ते लिहिते. घड्याळ काढा आणि अमुक वाजलेत असे काटे दाखवा. कागदावर विखुरलेले आकडे क्रमानं रेघेनं जोडा. मग आकडा आणि इंग्रजी अक्षर आलटून पालटून, १ वरून ए, ए वरून २, २ वरून बी, असं, आणि वेळ लावलेली. मग टॅबलेटवर एका राउंडअबाउटचं चित्र काही सेकंद दाखवून काढून घेतात आणि विचारतात, कोण कुठे होतं, कुठल्या दिशेनं चाललं होतं.

इथे आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. बाबा अकरावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आयुष्यभर इंग्रजीत नोकरी केली, पण कुठल्या इंग्रजी अक्षरानंतर कुठलं येतं, ते त्यांना एबीसीडी मनात पहिल्यापासून म्हटल्याशिवाय सांगता येत नाही, आणि आकड्यांशी अदलाबदल करताना तर फारच वेळ गेला. घरी येताना म्हणाले की क ख ग घ असतं तर भराभर केलं असतं. बाबांनी हे तिथेही तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते रिपोर्टमध्ये लिहिलंय, की शिक्षण दुसऱ्या भाषेत झाल्यानं या चाचणीला लागलेल्या नुसत्या वेळेवरून निष्कर्ष काढू नये. एका कागदावर कुणाला पास नापास करत नाही, सगळं रस्त्यावरच्या भागाशी जुळवून बघते असं तिचं म्हणणं. तुमच्या आईवडलांना नेलंत तर शाळा कुठल्या भाषेत झाली ते सुरुवातीलाच सांगा, लाजू नका, आणि इंग्रजी कच्चं असेल तर दुभाषा मागा, मुलानं भाषांतर करत बसायचं नाही कारण आपण नकळत उत्तर पुरवतो.

दुसरा भाग पुढच्या मंगळवारी सकाळी नऊला. इन्स्ट्रक्टर पुढे शेजारी, त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक, ओटी मागच्या सीटवर वही घेऊन. घरच्यांना गाडीत येऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, मी असते तर बाबांनी रस्त्यापेक्षा माझ्याकडेच जास्त लक्ष दिलं असतं.

दुसरी तक्रार, आणि मोठी. गाडी त्यांची असते. बाबांची गाडी जुनी, किल्ली फिरवून चालू होणारी, हातानं ओढायचा हँडब्रेक. यांची हायब्रिड, बटण दाबून चालू, आणि चालू झाली तरी आवाज नाही, त्यामुळे बाबांना कळेचना की चालू झालीय की नाही. सवय करायला दहाच मिनिटं दिली. ८१ वर्षांच्या माणसाला आयुष्यातल्या सगळ्यात टेन्शनच्या दिवशी अनोळखी गाडी देऊन दहा मिनिटं? दुसऱ्या ब्रेकसाठी त्यांची गाडी लागते हे मला कळतं, पण निदान अर्धा तास रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये फिरवून आणायला काय हरकत होती. आम्ही हे लेखी कळवलं, आणि दुसऱ्या वेळेस त्यांनी खरंच पंचवीस मिनिटं दिली, ते पण लिहायला हवं.

रूट मात्र विचार करून आखलेला. आधी शांत गल्ल्या, मग स्कूल झोन, म्हणून तर नऊची वेळ, साडेनऊपर्यंत तिथे ४० ची मर्यादा असते. मग तीन लेनचा रस्ता, राउंडअबाउट, बाण नसलेल्या सिग्नलला उजवीकडे वळण, पार्किंग. मग "दुसऱ्या चौकात डावीकडे आणि लगेच पहिली उजवी" अशी जोडसूचना, लक्षात ठेवून करायची. आणि शेवटी त्या नकाशातली लायब्ररी, तिथे तुमचे तुम्ही न्या, आम्ही काही सांगणार नाही. ओळखीच्या जागी स्वतः वाट काढत जाता येतं का हेही बघतात, कारण विसरभोळेपणा आधी तिथे दिसू शकतो. लायब्ररीला बाबा अगदी सहज गेले.

परत आल्यावर मी खोलीत होते. ओटीनं आधी स्वतः काही सांगितलं नाही, बाबांना विचारलं, "तुम्हाला कसं वाटलं?" बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्या उजव्या वळणावर मी चुकलो. समोरची गाडी लांब आहे असं वाटलं, ती जवळ होती. यांनी ब्रेक मारला." मला ते ऐकून पोटात खड्डा पडला. तिथे इन्स्ट्रक्टर नसते तर. पण ती मुलगी म्हणाली की आज तुम्ही केलेली सगळ्यात चांगली गोष्ट ही, की तुम्हाला ते दिसलं. ब्रेक मारावा लागल्यावरही सगळं छान झालं म्हणणारी माणसं तिच्याकडे येतात, आणि त्यांना शिकवून उपयोग होत नाही कारण काय दुरुस्त करायचं तेच त्यांना पटत नाही. चूक स्वतःला कळते तोपर्यंत तिच्यावर काम करता येतं.

मग तिनं बाकीचं सांगितलं. स्कूल झोनचा बोर्ड उशिरा दिसला, ४० मध्ये ४८. डावीकडे खांद्यावरून एकदाही बघितलं नाही. राउंडअबाउटला जागा असूनही थांबून राहिले. ६० च्या रस्त्यावर ४५ नी चालवलं. यावर बाबा म्हणाले हळू चालवणं सुरक्षितच ना? ती म्हणाली, तुम्ही हळू जाताय कारण आजूबाजूचं सगळं डोक्यात बसायला वेळ लागतोय, आणि तो वेळ मिळवायचा तुमचा हा मार्ग आहे, पण मागच्या गाडीला ते माहीत नसतं. वयस्कर ड्रायव्हरचे अपघात भन्नाट वेगानं कमी आणि चौकात जास्त होतात, वळताना, समोरच्याला जागा न दिल्यानं, आणि तोच मार तरुणाला बसला तर तो उठून चालेल, ऐंशीच्या माणसाची हाडं आणि बरगड्या ते सोसत नाहीत. हे ती बाबांच्या डोळ्यात बघून बोलली, माझ्याकडे वळून नाही. फार जण इथे चुकतात, म्हातारा माणूस समोर बसलेला असतो आणि बोलणं त्याच्या मुलीशी चालतं.

निकाल त्या दिवशी पासही नाही नापासही नाही. चार लेसन्स त्याच इन्स्ट्रक्टरकडे आणि मग रस्त्यावरचा भाग परत. तोपर्यंत बाबांनी एकट्यानं चालवायचं नाही. बाबांनी किल्ली आईच्या देवघरातल्या डब्यात ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी तक्रार रिपोर्टची. नऊ दिवसांनी आला, सात पानं, डॉक्टरच्या नावे. भाषा अशी की मलाही दोनदा वाचावं लागलं. बाबांनी पेन्सिलनं "इम्पेअर्ड" हा शब्द जिथे जिथे आला तिथे गोल केला होता, सहा गोल. मी शनिवारी गेले तर तो कागद डायनिंग टेबलवर तसाच. खोलीत इतकं मायेनं बोललेली तीच मुलगी, आणि कागदावर असं. डॉक्टरला तसली भाषा लागत असेल तर लागू दे, पण ज्याचा रिपोर्ट आहे त्याला साध्या शब्दात एक पान द्या ना, की हे चांगलं आहे, हे कमी पडतंय, आणि यासाठी हे करायचंय. मी तो एक स्टार या पानासाठी कापलाय. पैशासाठी नाही, गाडीसाठी पण नाही.

लेसन्सबद्दल मात्र दहापैकी दहा. इन्स्ट्रक्टर साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे. प्रत्येकी ११० डॉलर. त्यांनी काय केलं तर सीटवर पातळ उशी घालून बाबांना दोन इंच वर घेतलं, आरसे परत लावले, डाव्या आरशावर छोटा फुगीर आरसा चिकटवला, आणि मान वळत नाही तर कमरेपासून वळायला शिकवलं, आधी खुर्चीत बसून मग गाडीत. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्या गाडीचं पुढचं चाक बघा, चाकावरून कळतं ती वळतेय की सरळ येतेय. आणि बाण नसलेलं उजवं वळण शक्यतो घ्यायचंच नाही, पुढे जाऊन तीनदा डावीकडे वळायचं की त्याच रस्त्याला लागता, नाहीतर बाणवाला सिग्नल असलेला चौक धरायचा. बाबांनी वहीत घरापासूनच्या सगळ्या जागांचे असे रस्ते काढले, रंगीत पेननी. इंजिनियर माणूस, नकाशा आणि पद्धत दिली की मन लागतं.

सहा आठवड्यांनी दुसरी टेस्ट, ५०० डॉलर. म्हणजे एकूण २०९० डॉलर. यावेळी ब्रेक लागला नाही. ओटीनं शिफारस केली, डॉक्टरनी फॉर्म भरला, आणि लायसन्सवर अटी आल्या: फक्त दिवसा, घरापासून १० किलोमीटरच्या आत, मोटरवे नाही. ते १० किलोमीटरचं वर्तुळ तिनं पहिल्या दिवशीच्या नकाशावर काढून दाखवला. पेंडल हिल आत, लायब्ररी आत, डॉक्टर आत, दोन्ही मावशींची घरं आत. हेलेन्सबर्गचं देऊळ बाहेर.

देवळाचं बाबांना लागलं. बोलले नाहीत पण लागलं. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नेते, आई डबा करते, मावशी पण येतात. ट्रेनसाठी दोघांचं गोल्ड ओपल कार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं सवलतीचं कार्ड आहे, दिवसाला अडीच डॉलरच्या वर कापत नाहीत, तरी ते वापरायची सवय लागायला आधीच सुरुवात करायला हवी होती, गाडी हातात असतानाच. हे सगळ्यांनाच सांगते.

हे सगळं चालू असताना पुण्याहून अप्पाकाकांचा फोन, ते ७९ चे, लायसन्स रिन्यू करून आले होते. तिकडे ५५ नंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं आणि डॉक्टरचा फॉर्म १-ए. मी तो फॉर्म मागवून वाचला. लाल हिरवा रंग ओळखतो का, दिवसाउजेडी २५ मीटरवरून नंबरप्लेट दिसते का, हॉर्न ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का, हातापायात काही व्यंग आहे का. ठीक आहे, हे हवंच. पण स्मरणशक्ती, लक्ष, निर्णय घ्यायला लागणारा वेळ, मान, यासाठी रकानाच नाही, आणि गाडीत शेजारी बसून तर कुणी बघतच नाही. आमच्या बाबांनी तो फॉर्म आरामात पास केला असता, त्या उजव्या वळणासकट. लंडनला मावसभाऊ आहे, त्याच्या सासऱ्यांना ७० नंतर दर तीन वर्षांनी स्वतःच लिहून द्यावं लागतं की मी तंदुरुस्त आहे. तेही पुरेसं वाटत नाही मला.

काकांना मी जे सुचवलं ते इथे लिहिते, भारतात आईवडील असलेल्यांना उपयोगी पडेल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे फक्त नंबर तपासून येऊ नका, बाजूची नजर आणि मोतीबिंदू किती पिकलाय ते विचारा. फिजिओकडे मान दाखवा. सगळ्या गोळ्यांची यादी, मेडिकलमधून स्वतः आणलेल्यांसकट, फॅमिली डॉक्टरला एकदा वाचून दाखवा. आणि मोटार ट्रेनिंग स्कूलची शेजारी ब्रेक असलेली गाडी एक तासासाठी घ्या, रोजच्या रस्त्यावर, अनोळखी इन्स्ट्रक्टरबरोबर, आणि घरच्यांनी बरोबर जायचं नाही. अप्पाकाकांची ॲक्टिव्हा पण आहे, तिचं वेगळं बघावं लागेल, तिथे तोल आणि पाय टेकवणं आलं. काकांनी स्कूलची गाडी घेतली, एक तास चालवून आले आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की आता कात्रज घाटात नको.

कुणी जाणार असाल तर: सकाळची वेळ घ्या, जेवणानंतरची नको. चष्मा आणि श्रवणयंत्र दोन्ही न्या, श्रवणयंत्राची बॅटरी बघून. शुगर असेल तर खाऊन जा. पूर्ण रक्कम लेखी मागा. गाडी कुठली असेल ते विचारा आणि सवयीला जास्त वेळ मागा. आणि आईवडलांना फसवून "नुसतं चेकअप आहे" म्हणून नेऊ नका, काय आहे ते सांगून न्या.

बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये आहे. त्यानंतर तो फिक्या अक्षरांचा तक्ता परत लावून रात्रीच्या अटीबद्दल बघू असं ओटी म्हणाली आहे. झालं की इथेच खाली लिहीन.